डझनाला पंधरा

"पण चाचा, जो पैसा अजून आलाच नाही, तो आज कागदावर लिहायचा कसा?"

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. मांडीवर हिरव्या बांगड्यांचा तोडा होता, त्याची सुतळी दातांनी सोडवायचं काम चाललं होतं.

"कुणाचा पैसा?" सुतळी सुटल्यावर त्यांनी विचारलं.

"कुणाचाच नाही हो. पुस्तकातला. एक माणूस यंत्र विकत घेतो. ते यंत्र पाच वर्षं कमाई करून देणार. पहिल्या वर्षी अमुक, दुसऱ्या वर्षी तमुक. त्यावरून सांगायचं, की यंत्र आज घ्यावं का घेऊ नये."

"मग सांगावं."

"अहो, पण पाच वर्षं अजून झालीच नाहीत!"

चाचा 'हं' म्हणाले आणि बांगड्या एकेक करून उन्हाकडे धरू लागले. तडा गेलेली बांगडी उन्हात लगेच कळते.

विचारणारी होती कावेरी ढाकणे, एसटीची कंडक्टर. तिची सकाळची गाडी तालुक्याहून निघायची, अकराच्या सुमाराला पीरवाडीला पोचायची, आणि तिथून पुढे रस्ताच नसल्यामुळे पाऊण तास उभी राहायची. तेवढ्यात ड्रायव्हर घुगे एक झकास डुलकी काढायचे. कावेरी पुस्तक काढायची.

पुस्तकाचं नाव 'वित्तीय व्यवस्थापन'. नाव वाचूनच बाईला घाम फुटायचा.

तिचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं, लग्न ठरलं म्हणून. पुढे नोकरी लागली, पोरं शाळेत जायला लागली, आणि एक दिवस धाकट्या भावाची लग्नपत्रिका छापून आली. निमंत्रकांच्या यादीत सगळ्यांच्या नावांपुढे पदव्या. वहिनीपुढे बी.ए., बी.एड. चुलतभावापुढे डी.फार्म. एवढंच काय, दोन वर्षं घरी बसलेल्या मावसभावापुढेही काहीतरी इंग्रजी अक्षरं होती. हिचं नुसतं 'सौ. कावेरी'. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, पण काळजाला लागायचं ते लागलंच. त्याच महिन्यात तिने बाहेरून बी.कॉम.ला नाव नोंदवलं.

ना वर्ग, ना शिक्षक. पुस्तकं टपालाने यायची आणि ही पहाटे डबे करता करता, दुपारी गाडीच्या थांब्यावर, एकटीच वाचायची. तरी एकेक करत तिने सगळे विषय काढले. राहिला हा एकच, आणि नेमका सक्तीचा. दोनदा आपटली. एकतीस, मग चौतीस. पास व्हायला चाळीस लागतात. येत्या रविवारी शेवटची संधी होती, कारण नाव नोंदवल्याला आठ वर्षं पुरी होत होती. या खेपेला गेलं, की काढलेले सगळे विषय पाण्यात.

आणि गंमत बघा, हिशेबात ही बाई वाघीण. वेबिल म्हणजे कुठल्या थांब्यावर किती तिकिटं गेली ते लिहायचा तक्ता. अकरा वर्षांत तिच्या वेबिलात एका रुपयाची तफावत आली नव्हती. डेपोत हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ती सगळ्यांना सांगायची.

चाचांकडे तिला घुग्यांनी पाठवलं होतं. दर्ग्याच्या पायरीपाशी, लिंबाच्या सावलीत पोतं अंथरून बसणारा हा म्हातारा मणियार. चार गावच्या बाया त्याच्याकडे बांगड्या भरायला यायच्या आणि बाप्ये सोयरिकीपासून बोअरपर्यंत काहीबाही विचारायला यायचे. सरळ उत्तर कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं. पण चिडून परत गेलेलाही कुणी नव्हता.

कावेरीला त्यांच्याबद्दल भलतंच कुतूहल होतं. गाडीच्या खिडकीतून तिने कितीदा पाहिलं होतं. बाई समोर बसली, की चाचा तिचा हात हातात घ्यायचे, डोळे मिटायचे, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. काय पुटपुटतात, ते गाडीपर्यंत ऐकू यायचं नाही.

"अडतंय कुठं ते दाखव," चाचा म्हणाले.

कावेरीने पर्समधून घडी केलेला कागद काढला. नापास झालेल्या पेपराची झेरॉक्स तिने मागवून घेतली होती. वीस मार्कांचा प्रश्न. खाली पट्टीने आखलेला सुंदर तक्ता. रकाने सगळे कोरे. आणि तळाशी, सुवाच्य अक्षरात, एक ओळ:

'सदर रक्कम अद्याप जमा झालेली नाही, सबब नोंद करता येत नाही.'

त्यापुढे तपासणाऱ्याने लाल शाईने मोठं शून्य काढलं होतं, आणि शून्याशेजारी एक प्रश्नचिन्ह. बिचाऱ्यालाही काही सुचलं नसावं.

चाचांनी ओळ दोनदा वाचली.

"खरं लिहिलंस."

"तेच म्हणते मी!" कावेरी उसळलीच. "तिकीट गेल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवलंय आम्हाला. पुढच्या फाट्यावर दहा माणसं उभी असतील म्हणून मी आधीच दहा तिकिटं लिहिली, तर नोकरी जाईल माझी. आणि हे पुस्तक म्हणतंय, व्याजाचा दर दहा टक्के धरा. कुणी धरला? कुणाच्या सहीने धरला? पोरांच्या शिकवणीच्या सरांना विचारलं, तर म्हणाले, बाई, सूत्र पाठ करा आणि गप्प बसा."

"मग?"

"सूत्र पाठ आहे. गप्प बसवत नाही."

चाचा हसले. समोरचे दोन दात नव्हते, त्यामुळे हसू मोठं दिसायचं.

"अकरा वर्षांत एक रुपया चुकला नाही?"

"एकही नाही."

"हात दे."

कावेरीने हात मागे घेतला. "नको चाचा. ड्यूटीवर काच टिकत नाही. गाडीच्या दांड्याला लागली की फुटते. मी घालतच नाही."

"कधीपासून?"

"नोकरी लागल्यापासून."

"म्हणजे अकरा वर्षांत एकही फुटली नाही."

"एकही ना…"

ती थांबली.

चाचा पुन्हा बांगडी उन्हाकडे धरून बसले.

तेवढ्यात पारूबाई आली. रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी बाई, आवाज खणखणीत, पदर कमरेला. "चाचा, भाचीचा साखरपुडा हाय. दोन्ही हातांत डझन-डझन भरा. लवकर भरा, मुकादम बोंबलतोय." आणि बसता बसता पन्नासाच्या दोन नोटा पोत्यावर ठेवल्या.

चाचांनी तिचा डावा हात घेतला. डोळे मिटले. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, मग करंगळीच्या बाजूला.

कावेरी पुढे सरकली. आज ऐकू येणार होतं.

"तीन फुटतील," चाचा म्हणाले. "डझन भरेल."

"वाढतील म्हणा की वो!" पारूबाई खेकसली. "सणासुदीला फुटली-फुटली काय करता? किती वर्षं झाली सांगून."

"फुटलेलीला मी फुटलीच म्हणतो, पारू."

त्यांनी तोड्यातून बांगड्या मोजून मांडीवर घेतल्या. कंडक्टरची नजर, ती चुकते का? कावेरीने मोजल्याच.

"पंधरा घेतल्या तुम्ही."

"हं."

"डझन म्हणजे बारा."

"हं."

"मग तीन कशाला?"

"फुटतील त्या."

"अजून कुठे फुटल्यात?"

चाचांनी पारूबाईच्या हाताला साबणाचा फेस लावला. "फेसाचा हात एकदा धरला, की सोडता येत नाही, बेटा. मधे उठलो, तर हात वाळतो."

मग ते कामाला लागले. हाताची घडी अशी घालायचे, की हाडं एकमेकांत शिरल्यासारखी व्हायची आणि बांगडी सरकन मनगटावर उतरायची. तिसरी फुटली. त्यांनी तुकडा बाजूला टाकला आणि चौथी घेतली. नववी फुटली. पारूबाई भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याची नोकरी सांगत होती. बारा झाल्या.

मांडीवर एक बांगडी उरली.

"चुकलात चाचा!" कावेरी टाळी वाजवायचीच राहिली. "तीन म्हणालात, दोनच फुटल्या. एक उरली."

"उरली खरी." त्यांनी ती पोत्याच्या कडेला ठेवली.

"आणि फुटलेल्यांचे पैसे?"

"मणियाराचे. बापाच्या बापापासून हीच रीत. भरताना फुटली, ती आमची."

"मग तुमचं नुकसान झालं की."

"पन्नासात आलंय ते."

"कधी आलं? फुटल्या तर आत्ता!"

"पन्नास दसऱ्याला ठरवले. वर्षभर सगळ्यांना तोच भाव."

"दसऱ्याला पारूबाईंचा हात कुठे पाहिला होता तुम्ही?"

"नव्हता पाहिला."

…

कावेरी गप्प झाली. सूत्र पाठ असूनही जी गप्प बसत नव्हती, ती म्हाताऱ्याच्या दोन शब्दांनी गप्प झाली. डोक्यात काहीतरी हललं होतं, पण काय, ते तिला धरता येईना.

"आता उजवा," चाचा म्हणाले. "तू सांग किती."

"मी?"

"तू."

"मला काय कळतंय बांगड्यांतलं?"

"हात तर कळतो? रोज शेदीडशे माणसांच्या हातांतून सुटे घेतेस."

पारूबाईने उजवा हात पुढे केला आणि डोळे मिचकावले. "बघा बाई. पण तुम्ही तिकीट फाडा, माझा हात नका फाडू."

कावेरीने तो हात घेतला. आणि दचकली. डाव्यापेक्षा हा कितीतरी जड, कितीतरी राठ. घण याच हातात असणार. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं, तर आत दगड असल्यासारखं लागलं. तिने डोळे मिटून पाहिले. काही कळलं नाही, म्हणून उघडले.

"तीन? … नाही. जास्त."

"किती?"

"खात्रीने कसं सांगू?"

"खात्री कुणी मागितली?"

तिच्या कपाळावर घाम आला. पेपराला बसल्यावर यायचा, अगदी तसाच. पारूबाईचा हात तिच्या हातात, लांबून मुकादमाची हाक, आणि चाचा बांगड्यांचा तोडा पुढे धरून बसलेले. कोणी घाई करत नव्हतं, पण कोणी सोडतही नव्हतं.

"चार," ती म्हणाली. मग जरा दबक्या आवाजात, "चार फुटतील."

"मग काढ."

तिने सोळा मोजल्या. दोनदा मोजल्या. चाचांच्या मांडीवर ठेवल्या.

फेस लागला. पहिलीच फुटली. कावेरीने जीभ चावली. चौथी फुटली, सहावी फुटली. दहा चढल्या, तेव्हा आणखी एक फुटली आणि तिने श्वास सोडला. चार! बरोबर चार! अकरावी चढली. राहिली एक.

ती मनगटाच्या हाडाशी आली आणि फुटली.

मांडी रिकामी. पारूबाईच्या हातात अकरा.

"अगं बाई," पारूबाई म्हणाली.

कावेरीचा चेहरा पडला. डेपोत तफावत आली, की कंडक्टर पहिलं काय करतो? स्वतःच्या खिशात हात घालतो. सवयीने तिचाही हात पर्सकडे गेला. "चुकलं माझं. एका बांगडीचे किती होतात? मी देते."

चाचांनी फेसाचा हात सोडला नव्हता. त्यांनी दुसरा हात न पाहता पोत्याच्या कडेला नेला. तिथे मघाची उरलेली बांगडी होती. ती उचलली, पारूबाईच्या हाताची घडी घातली, आणि सरकन…

डझन भरलं.

पारूबाईने दोन्ही हात समोर धरून खळखळ वाजवले आणि मोठ्याने हसली. "तुम्ही बी चुकला, या बाई बी चुकल्या, अन् माझे हात बघा कसे भरले!"

ती हसतच मुकादमाकडे निघून गेली. तिच्या बांगड्यांचा आवाज चिंचेच्या वळणापर्यंत येत राहिला.

पोत्यावर हिरव्या काचेचे तुकडे पडले होते. कावेरी त्यांच्याकडे पाहत बसली. दोन आणि पाच. सात. आधी धरलेले तीन आणि चार. सात. तिने पुन्हा मोजले. दोघांपैकी एकाचाही आकडा बरोबर नव्हता, आणि पोत्यावर एक बांगडी कमी नव्हती, एक जास्त नव्हती.

"चाचा, हे… दर वेळी असं जुळतं?"

"छे."

"मग नाही जुळलं तर?"

"तर नाही जुळत."

"तरी तुम्ही आधी काढून ठेवता?"

चाचा तुकडे एका डब्यात भरू लागले. भरता भरता म्हणाले, "तुझ्या हिशेबाने मघाशी किती काढायला हव्या होत्या?"

"माझ्या हिशेबाने?" तिने झेरॉक्सकडे पाहिलं. तो आखीव तक्ता. ते कोरे रकाने. ती सुवाच्य ओळ. "माझ्या हिशेबाने तर बाराच… पारूबाई अपुऱ्या हाताने अजून बसलेली असती."

लालबुंद झाली बिचारी. मग तिचं तिलाच हसू आलं.

तिने पर्समधून पेन काढलं. कागद गुडघ्यावर धरला आणि पहिल्या कोऱ्या रकान्यात आकडा लिहिला. अकरा वर्षांत न जमा झालेल्या पैशाची ही तिची पहिली नोंद होती. दुसरा रकाना. तिसरा. दर धरला. कुणाच्या सहीने, ते विचारलं नाही. मनातल्या मनात गुणलं, भागलं, तिथे तर ती वाघीणच. पाचही रकाने भरले आणि खाली उत्तर आलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं अनोळखी प्रवाशाकडे पाहावं.

"यंत्र घ्यावं म्हणतंय," ती पुटपुटली.

"घ्यावं मग."

"पण चौथ्या वर्षी बंद पडलं तर?"

चाचांनी डब्याचं झाकण लावलं. आतले तुकडे वाजले.

तिकडे घुग्यांची झोप झाली होती. त्यांनी हॉर्न दिला. खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "ओ बी.कॉम.! चलायचं का, का मुक्काम?"

रोज या चेष्टेवर ती त्यांना चार शब्द सुनवायची. आज तिने ऐकलंही नाही. तिने कागदाची घडी केली, पुस्तकात ठेवली, उठली. दोन पावलं गेली, आणि परत आली.

परत येऊन पोत्यासमोर बसली आणि न मागता हात पुढे केला.

"चाचा, रविवारी शेवटचा पेपर आहे. त्यानंतर नाही. … काय होईल माझं?"

घुग्यांनी पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक.

चाचांनी तिचा हात घेतला. तिकिटाच्या मशीनने, गाडीच्या दांड्याने, चुलीने राठ झालेला हात, अकरा वर्षं काच न लागलेला. त्यांनी डोळे मिटले. अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. मग करंगळीच्या बाजूला. पारूबाईला लागला, त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

कावेरी श्वास रोखून बसली होती.

"दोन फुटतील," चाचा म्हणाले. "डझन भरेल."